मिठाच्या पाण्याने कफ सुटतो. तो काढायचा कुणी?

दिवाळी उलटली की सकाळी सूस-नांदे रस्त्यावर जे पांढुरके दिसते, त्याला आता कुणी धुके म्हणत नाही. काँक्रीटचे मिक्सर, खडी आणि क्रशसँड वाहणारे डंपर, दोन्ही अंगांना चाललेली बांधकामे आणि थंडीमुळे जमिनीलगत बसून राहिलेली हवा. सूस आणि महाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, नांदे ग्रामपंचायतीकडेच राहिले. धूळ मात्र तिघांची एकच. हवेच्या निर्देशांकाचे आकडे रोज छापून येतात, ते इथे पुन्हा सांगत नाही. त्या आकड्यांमागोमाग घराघरांत एक वस्तू आली आहे, तिच्याबद्दल बोलायचे आहे. दीड-दोन हजारांचे नेब्युलायझर आणि त्यात ओतायची मिठाच्या पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी. ‘छाती धुऊन निघते’ अशी तिची कीर्ती आहे. कुणाला डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, तर कुणी शेजारच्याचे बघून आणलेली.

निरोगी माणसाची छाती या पाण्याने धुऊन निघत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिला त्याची गरजही नसते. मात्र ज्यांच्या फुप्फुसांत रोज कफ साठतो अशा काही रुग्णांसाठी हेच पाणी मोलाचे औषध आहे. आणि त्यांच्याबाबतीत आपण अर्धेच औषध देतो, ही माझी खरी तक्रार आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पातेल्यात पाणी उकळून, त्यात मूठभर मीठ टाकून, डोक्यावर चादर घेऊन वाफ घ्यायची रीत घरोघरी आहे. त्या वाफेत मीठ नसते. पाणी वर जाते, मीठ पातेल्यातच राहते. पेण-उरणची मिठागरे याच गोष्टीवर चालली. वाफेची ऊब नाकाघशाला बरी वाटते, चोंदलेले नाक थोडे मोकळे होते, पण ती बहुतेक वरच्या वरच विरते. शिवाय उकळते पातेले कलंडून भाजलेली मुले दर हिवाळ्यात रुग्णालयात येतात. नेब्युलायझरचे काम वेगळे आहे. ते पाणी तापवत नाही, हवेच्या दाबाने किंवा बारीक जाळीतून त्याचे तुषार करते. एक ते पाच मायक्रॉनचा तुषार श्वासनलिकांच्या खोल फांद्यांपर्यंत पोहोचतो आणि त्याच्यासोबत मीठही पोहोचते.

तिथे ते काय करते? श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीवर सूक्ष्म केसांचे अस्तर असते. हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि वरचा कफाचा पातळ थर घशाकडे ढकलत राहतात. धूळ, जंतू, काजळी त्या थराला चिकटून वर येते आणि आपण ती नकळत गिळून टाकतो. धडधाकट माणसाचा कफ जवळजवळ सगळा पाण्याचाच असतो. पाणी कमी झाले की तो घट्ट होतो, केसांना हलवेनासा होतो, साठतो, आणि साठलेल्या कफात जंतू वाढतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की जसे पाणी सुटते, तसे खारट तुषार पडल्यावर नलिकेच्या भिंतीतून पाणी बाहेर ओढले जाते. कफ सैल होतो. मीठ तिथे थोडे झोंबते, त्यामुळे खोकलाही येतो, आणि या वेळी तो हवाच असतो.

पाण्यात मीठ किती, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. सलाइनच्या बाटलीत ०.९ टक्के मीठ असते, म्हणजे रक्ताच्या तोलाचे. त्याने पाणी फारसे ओढले जात नाही. समुद्राचे पाणी साधारण साडेतीन टक्क्यांचे. उपचाराचे पाणी ३ टक्क्यांपासून ७ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे दुकानात सहसा ३ टक्क्यांची कुपी मिळते.

समुद्राचा उल्लेख उगाच केलेला नाही. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात कफ इतका चिकट होतो की फुप्फुसे हळूहळू त्यानेच भरून जातात. ऑस्ट्रेलियात या आजाराचे जे तरुण लाटांवर सर्फिंग करायला जात, ते समुद्रावरून आल्यावर छाती मोकळी वाटते, भरपूर कफ पडतो, असे डॉक्टरांना सांगत. सिडनीत पीटर बाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. जानेवारी २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात या विषयावर दोन अभ्यास आले, एक ऑस्ट्रेलियाचा आणि एक अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १६४ रुग्ण होते. निम्म्यांना ७ टक्क्यांचे चार मिलिलिटर पाणी दिवसातून दोनदा, निम्म्यांना ०.९ टक्क्यांचे, असे ४८ आठवडे. खारट चवीवरून कुणाला कळू नये म्हणून दोन्हींत कडू क्विनाइन घातले होते. फुप्फुसांची ताकद कालांतराने घसरण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच निघाला. म्हणजे अभ्यासाच्या मुख्य प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच आले. पण आजार उसळून येण्याचे प्रसंग खारट पाण्याच्या गटात ५६ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हापासून हे पाणी जगभर त्या रुग्णांच्या रोजच्या उपचारात आहे.

या अभ्यासाचे पहिले लेखक मार्क एल्किन्स हे फिजिओथेरपिस्ट आहेत. मला ही गोष्ट सगळ्या आकड्यांहून मोठी वाटते. छातीतला कफ बाहेर कसा काढायचा हे ज्यांचे रोजचे काम, त्यांच्यातल्या एकाने हा प्रश्न तडीस नेला. पुढे सिडनीच्याच गटाने आणखी एक साधी गोष्ट तपासली: पाणी कफ काढण्याच्या व्यायामाआधी घ्यावे, व्यायाम करताना की नंतर? फुप्फुसांच्या मोजमापात फरक पडला नाही, पण आधी किंवा करताना घेतलेले रुग्णांना जास्त पटले. मुळात व्यायाम करायचा की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. तो गृहीत होता. आपल्याकडे नेमके तेच गृहीत गळून पडते. चिठ्ठीवर कुपीचे नाव असते, यंत्र विकत घेतले जाते, आणि कफ बाहेर कसा काढायचा हे कुणीच शिकवत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये या पाण्याला एक धक्का बसला. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ज्युडी ब्रॅडली, याही मूळच्या फिजिओथेरपिस्ट, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २८८ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या ‘क्लिअर’ या चाचणीचे निष्कर्ष मांडले. हे रुग्ण ब्राँकिएक्टॅसिसचे होते. या आजारात श्वासनलिका कायमच्या सैल आणि रुंद होतात, त्यांत कफ साचतो आणि पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. ६ टक्क्यांचे पाणी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत आजार उसळण्याचे प्रमाण थोडे कमी दिसले, पण फायदा झालाच असे म्हणण्याइतका तो फरक ठोस नव्हता. कफ पातळ करायला आपल्याकडेही लिहून दिली जाणारी कार्बोसिस्टीनची कॅप्सूल त्याच चाचणीत तपासली गेली; तिचाही उपयोग दिसला नाही.

यावरून ‘मिठाचे पाणी बिनकामाचे’ असा निष्कर्ष काढायला माझी तयारी नाही. नांदे-लवळ्याच्या पट्ट्यातला ब्राँकिएक्टॅसिसचा रुग्ण आणि ब्रिटनमधला रुग्ण यांच्या आजाराची मुळे वेगळी आहेत. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ रुग्णांची नोंदवही २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात या आजाराचे सर्वांत मोठे कारण निघाले क्षयरोग, ३५.५ टक्के. युरोपात असे चित्र नाही. टीबीचा कोर्स पुरा होतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, कागदावर माणूस बरा होतो. पण वाकड्या-रुंद झालेल्या नळ्या तशाच राहतात आणि रोज सकाळी वाटीभर कफ पडतो. त्यात वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराची भर. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, होतो, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही अशा आपल्या गावांतल्या बायकांचा खोकला त्या लेखात होता. अशा रुग्णांवर मोठी, नीट चाचणी भारतात व्हायला हवी. तोपर्यंत एकेका रुग्णाला महिनाभर देऊन बघायचे आणि कफ सहज निघतो का, तापाचे प्रसंग कमी होतात का हे पाहून ठरवायचे, हाच शहाणा मार्ग वाटतो.

तो मार्ग प्रत्यक्षात कसा दिसतो ते सविस्तर सांगतो, कारण घोळ इथेच होतो. पहिला डोस घरी घ्यायचाच नाही. खारट तुषाराने काहींच्या श्वासनलिका आवळतात, दमेकऱ्यांच्या तर जास्तच. म्हणून पहिल्यांदा दवाखान्यात, आधी आणि नंतर फुंकून घेऊन, छाती तपासून द्यायचा. रोजही आधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या पंपाचे झुरके, मग पंधराएक मिनिटांनी पाणी. पाठ ताठ ठेवून बसायचे. मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी बरी, कारण नाकाच्या वाटेने बराच तुषार वायाच जातो. दहा-पंधरा मिनिटे सावकाश श्वास. मग खरे काम सुरू होते. काही शांत श्वास, तीन-चार खोल श्वास, प्रत्येक खोल श्वास दोन-तीन क्षण आत धरायचा, आणि मग ‘हफ’: चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर ‘हाऽऽ’ करतो तसे तोंड उघडे ठेवून, पोटाच्या जोराने हवा बाहेर. खोकून खोकून घसा सोलून काढण्यापेक्षा हे किती तरी कमी दमवते. कफ खालच्या फांद्यांतून वर सरकला की छातीत घुरघुर ऐकू येते. मग एक-दोन खोकल्यांत तो बाहेर. पुन्हा शांत श्वास, पुन्हा हेच. कुठल्या बाजूच्या फुप्फुसात कफ जास्त आहे, त्यावर कोणत्या कुशीवर झोपून हे करायचे ते ठरते, आणि ते ठरवायला फिजिओथेरपिस्टच लागतो.

यंत्राची स्वच्छता ही दुसरी दुर्लक्षित गोष्ट. औषधाचा कप, नळी, मास्क प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. ओल राहिली की तिथे स्यूडोमोनाससारखे जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच तुषारातून थेट फुप्फुसात जातात. याच कारणासाठी घरचे मीठ नळाच्या पाण्यात विरघळवून यंत्रात घालू नये. उकळलेल्या पाण्यातही नाही. सीलबंद कुपी स्वस्त आहे आणि निर्जंतुक आहे.

लहान मुलांबद्दल पालक फार विचारतात. तान्ह्या मुलांना पावसाळ्या-हिवाळ्यात विषाणूमुळे होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये ३ टक्क्यांचे पाणी सर्रास दिले जाते. ब्रिटनमध्ये ३१७ बाळांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. आजार बहुधा आपोआप बरा होतो. बाळाला दूध-पाणी पुरेसे जाते आहे ना आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात नाहीत ना, इकडे लक्ष हवे.

दगडखाणीत, क्रशरवर काम करणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. दगडाची अतिसूक्ष्म सिलिका वायुकोशांपर्यंत जाते. तिथे केस नाहीत, कफाचा थर नाही, वर ढकलणारे काही नाही. एकदा व्रण धरला की तो मिठाच्या पाण्याने काय, कशानेच जात नाही. वाघोली-मोशीच्या खाणींवर काम केलेल्या माणसाला नेब्युलायझर विकणे ही फसवणूक आहे. त्याला कामावर पाण्याचा फवारा आणि चांगला मास्क मिळायला हवा होता. ‘मिठाच्या खोल्यां’चेही तेच. भिंतींना मिठाच्या विटा लावलेल्या वातानुकूलित खोलीत पाऊण तास बसायचे पैसे घेतले जातात. पोलंडच्या व्येलिच्का खाणीतल्या एकोणिसाव्या शतकातल्या उपचारांचे नाव त्यासाठी घेतात. पण या खोल्यांच्या हवेत मीठ किती, ते खोल फुप्फुसात पोहोचते किती, याचे मोजमाप कुणी दाखवत नाही. ज्या चाचण्यांवर विश्वास ठेवावा अशा चाचण्या मोजून-मापून दिलेल्या पाण्यावर झाल्या आहेत, खोल्यांवर नाहीत.

श्रीमंत देशांत या पाण्याचे दिवस काही अंशी सरत आले आहेत. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुळावर घाव घालणाऱ्या नव्या गोळ्या आल्यावर अनेकांना ते थांबवता आले आहे. त्या गोळ्यांची अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या घरात. आपल्याकडच्या मुलांच्या आईबापांसाठी ती गोष्ट आजघडीला नाहीच. त्यांच्यासाठी खारट पाणी आणि हफ हाच रोजचा उपचार आहे, आणि तो नीट शिकवणे सरकारी दवाखान्यालाही परवडते.

या पाण्याचा आणखी एक उपयोग फारसा कुणाला माहीत नसतो. ज्यांना थुंकीच पडत नाही त्यांना खारट तुषार देऊन ती काढतात आणि टीबीसाठी तपासतात. केपटाऊनमध्ये २००५ च्या एका अभ्यासात लहानग्यांच्या बाबतीत अशी एक थुंकी पोटातून नळीने काढलेल्या तीन नमुन्यांइतकी उपयोगी ठरली. हे मात्र हवेशीर जागी आणि मास्क लावूनच करायचे, कारण खोकल्याबरोबर जंतूही उडतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर यंत्र विकत घेण्याआधी थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत आहे. टीबी होऊन गेलेला असेल आणि रोज कफ पडत असेल तर छातीच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल विचारा आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवा असे स्वतःहून सांगा. नांद्याच्या शेजारी लवळ्यात सिंबायोसिसचे मोठे रुग्णालय उभे आहे, पुणे शहरही जवळच. अंतराची अडचण आता राहिलेली नाही. एकदा समोर बसून हफ शिकून घ्या आणि घरच्या दुसऱ्या कुणालाही शिकवून ठेवा. पाणी घेतल्यावर छाती आवळली, शिट्टीसारखा आवाज आला किंवा कफात रक्त दिसले, तर यंत्र बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.