गाडीच्या पोटाला कोणता रंग?

जुन्या गाड्यांची रॅली निघाली की आपण सगळेच गर्दी करतो. बॉनेटची चकाकी, क्रोमचं बंपर, ते पातळसं मोठं स्टिअरिंग... फोटो काढून काढून मोबाईल भरतो. पण त्या गर्दीत खाली वाकून गाडीचं पोट बघणारा एखादाच असतो. गाडी खरंच नव्याने उभी केली आहे की नुसतीच नटवली आहे, हे मात्र तिथेच कळतं. म्हणून या लेखात इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. फक्त गाडीचा तळ आणि त्याला लावायचा थर.

हा विषय माझ्या गळ्यात पडला तो मामामुळे. चिपळूणला त्याची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी अंगणात उभी होती. पाणी ओसरल्यावर दारं उघडली तर आत वीतभर गाळ. भंगारवाले येऊन भाव सांगून गेले. मामाने दिली नाही. कारण सरळ होतं. आजीचे गुडघे गेलेत. उंच गाडीत तिला चढता येत नाही आणि खोल सीटमधून उठता येत नाही. पद्मिनीच्या सलग बाकड्यावर ती आरामात सरकून बसते. दर रविवारी चिपळूण ते गुहागर आणि परत, ही तिची ठरलेली फेरी. इंजिन झालं, वायरिंग झालं, आणि मग मामा म्हणाला, "भाच्या, इंजिनिअर होतोयस ना? खालून काय मारायचं ते तू ठरव."

तळ एवढा महत्त्वाचा का?

ट्रक किंवा जुनी जीप बघा. तिथे खाली जाडजूड चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पत्रा गंजला तरी सांगाडा शाबूत राहतो. पद्मिनी मूळची फियाट ११०० च्या घराण्यातली. १९५३ साली आलेल्या ११००-१०३ पासून या घराण्यात वेगळी चासी नाही. फ्लोअरचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या, मागच्या पाट्यांचे हँगर, हे सगळं मिळूनच सांगाडा. यालाच आपण मोनोकॉक म्हणतो. म्हणजे तळाचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच गंजला! त्याच पत्र्यावर सीट बोल्ट केलेलं, आणि त्या सीटवर आजी.

हा पत्रा जाड किती? आम्ही जोडकामाला वीस गेज वापरला, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. एवढ्यावर सगळा भार.

गंज नेमका कुठे धरतो?

सेकंड इयरला आपण इलेक्ट्रोकेमिस्ट्री रट्टा मारून पास होतो, तीच इथे जिवंत होते. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, पाणी आणि ऑक्सिजन ते घेतात, हायड्रॉक्साइड तयार होतं आणि पुढे गंज. गंमत म्हणजे एकाच पत्र्यावर जिथे ऑक्सिजन कमी पोचतो, तो भाग अ‍ॅनोड बनतो आणि तोच खाल्ला जातो. म्हणून उघडा, वारा लागणारा पत्रा उशिरा मरतो; चिखलाखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात आणि सुटलेल्या रंगाच्या फुग्याखाली तो आधी मरतो.

त्यात मीठ. पावसाळ्यात मेसच्या टेबलावरचं मीठ ओलं होऊन डबीला चिकटतं, ते आठवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. गुहागरच्या समुद्रावरून येणारे खारे कण तळाला बसले, की पाऊस नसतानाही गाडी खालून ओलीच. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून जुन्या गाड्या सडतात. आपल्या किनाऱ्यावर ते काम वारा करतो.

काळ्या थराखाली काय निघालं?

आमच्या गाडीला आधीच्या मालकाच्या काळातला डांबरासारखा जाड काळा थर होता. वरवर पाहिलं तर झकास, एकसंध, पोचासुद्धा नाही. मिस्त्रींनी पत्रा खरवडायची पट्टी लावली आणि चपातीच्या पापुद्र्यासारखे तुकडे निघाले. आतल्या बाजूला लाल भुकटी. ड्रायव्हरच्या पायाखाली पेचकस आरपार गेला. डाव्या बाजूच्या पाट्याच्या हँगरजवळही तेच. हे सगळं पुराने केलेलं नव्हतं, कित्येक वर्षं आतल्या आत चाललेलं होतं. बिटुमेनचा थर नवा असताना चिवट असतो. पुढे तो कडक होतो, त्याला बारीक चिरा जातात, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून मात्र काहीच दिसत नाही.

इथेच मला या निवडीची खरी कसोटी सापडली. थर किती जाड, किती काळा, किती 'गॅरंटीचा' हे नंतर. पहिला प्रश्न असा: उद्या याच्याखाली गंज सुरू झाला, तर मला तो दिसेल का? आणि दिसला, तर तेवढाच तुकडा दुरुस्त करता येईल का?

उमेदवार एकेक

जळकं ऑइल: सर्व्हिसिंगनंतर खालून जुन्या ऑइलचा फवारा मारायची पद्धत आपल्याकडे जुनी. फुकटात होतं म्हणून लोकप्रिय. पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात, रबरी बुश फुगतात, ते गळून जमिनीत जातं, आणि कातडीला ते चांगलं नाही. त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. बाद.

साधा रेड ऑक्साईड: यातलं लाल रंगद्रव्य म्हणजे मुळात लोहाचं ऑक्साइडच. स्वस्त बाटलीतला हा प्रायमर पाणी बऱ्यापैकी आत सोडतो. शिवाय गंजताना जो अल्कली तयार होतो, तो यातल्या तेलकट अल्किड रेझिनचा साबण करून टाकतो आणि रंग सुटतो. खिडकीच्या गजांना ठीक, गाडीच्या तळाला एकट्याने पुरत नाही.

पावडर कोटिंग: दिसायला देखणं. पण साधारण १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजावं लागतं. सुटे भाग, म्हणजे सस्पेन्शनचे आर्म आणि ब्रॅकेट, यांना उत्तम. अख्ख्या बॉडीतली लांबी, सांध्यातला सीलर त्या तापमानात टिकत नाहीत. दगड लागून टवका उडाला, तर घरी दुरुस्तीही करता येत नाही.

पिकअपच्या हौद्याला मारतात ते जाड पॉलियुरेथेन: दगड, खडी, कशालाही दाद देत नाही. पण एकदा बसलं की काढणं महाकठीण, आणि खाली वेल्डिंग करायचं झालं तर आधी ते खरवडत बसा. शिवाय पुन्हा तोच प्रश्न: आत काय चाललंय, दिसत नाही.

मेण किंवा लॅनोलिन: लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं चिकट द्रव्य. पाण्याला हटवतं, फटीत पाझरत जातं, ओरखडा पडला तरी थोडंफार स्वतःच पसरतं. पण धूळ धरतं, चाकांच्या फवाऱ्यात धुपतं आणि दर वर्षी पुन्हा मारावं लागतं.

टू-पॅक इपॉक्सी प्रायमर: रेझिन आणि हार्डनर मिसळून मारायचं. स्वच्छ पत्र्याला घट्ट धरतं, पाणी फार कमी सोडतं, अल्कलीने त्याचा साबण होत नाही. त्याचा मोठा दोष म्हणजे उन्हात ते भुकटतं. पण गाडीच्या पोटाला ऊन लागतं कुठे? वरच्या बाजूला जी उणीव, ती खाली उणीवच उरत नाही!

गच्चीवरची परीक्षा

पुस्तकावर किती विश्वास ठेवायचा, म्हणून फ्लोअरमधून कापलेल्या पत्र्याच्या चांगल्या भागाच्या पट्ट्या केल्या. घासून साफ केल्या आणि एकेकीला रेड ऑक्साईड, काळं अंडरकोट, इपॉक्सी आणि मेण असे थर दिले. प्रत्येकीवर ब्लेडने फुली मारली आणि हॉस्टेलच्या गच्चीवर दोरीला टांगून दोन महिने सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी शिंपडलं. रेक्टर सरांनी एकदा विचारलं, "हे कसलं तोरण बांधलंय?" प्रयोगशाळेतल्या सॉल्ट स्प्रे चाचणीची सर याला नाही, पण फरक डोळ्यांना दिसला. रेड ऑक्साईडवर फुलीपासून दूरही ठिपके उठले. काळ्या पट्टीवर वरून फुलीची रेघ तेवढी तांबूस. थर उचलल्यावर मात्र खाली गंज बराच पसरलेला. मेणाची पट्टी धुपली तिथे तपकिरी झाली. इपॉक्सीवर गंज रेघेला धरून राहिला. आणि जेवढा होता तेवढा स्वच्छ दिसत होता.

शेवटी काय केलं?

आधी पत्रा. सडलेलं कापून नवं जोडलं, कारण कोणताही थर भोक बुजवत नाही. दाराखालच्या पेट्यांतला पुराचा गाळ पाण्याच्या जोराने काढला आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी केली. ही भोकं बुजवणं म्हणजे गाडीत टाकी बांधणं. सँडब्लास्टिंगच्या जोराने पातळ पत्रा लहरतो, म्हणून फ्लोअर वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने घासला, थिनरने पुसला. मग इपॉक्सीचे दोन हात, सांध्यांवर सीलर, त्यावर फिकट राखाडी पॉलियुरेथेन. चाकांच्या कमानीत जिथे खडी आपटते, तिथे फक्त पातळसा रबरी थर, तोही इपॉक्सीच्या वर. पोकळ पेट्यांत बारीक नळीने मेण.

काम दिवाळीनंतर केलं. रंग मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश जास्त हवं, नाहीतर न दिसणाऱ्या दवावर रंग बसतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे साधणं अवघड. आणखी एक, टू-पॅक पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. योग्य मास्क, शक्यतो बाहेरून हवा देणारा, आणि मोकळी जागा हवीच.

फिकट राखाडीवरून मिस्त्री आणि मी यांच्यात बरीच जुंपली. ते म्हणाले, "काळं मारा, वेल्डिंग झाकलं जाईल, गाडी शोभेल." मी म्हटलं, वेल्डिंग दिसू दे. तेल गळालं तर डाग दिसू दे, गंज उठला तर ठिपका दिसू दे. मामा दोघांचं ऐकत चहा पीत होता. मग म्हणाला, "शोभा वरून बघू. खालून मला सगळं दिसलं पाहिजे." वाद मिटला. स्पर्धेत उतरवायची गाडी असती, तर कारखान्यातून निघाली तेव्हा तळ कसा होता याचा शोध घेऊन तसाच करावा लागला असता. पण ही गाडी परीक्षकांसाठी नव्हती, रविवारच्या फेरीसाठी होती.

आता मामा दर दिवाळीला गाडी रॅम्पवर घेतो, टॉर्च मारून तळ बघतो, टवका उडाला असेल तिथे घासून छोट्या ब्रशने इपॉक्सी लावतो आणि पेट्यांत मेण भरतो. जेमतेम एका दुपारचं काम.

तेव्हा मित्रहो, तुमच्याही घरी काकांची लॅम्ब्रेटा, आजोबांची अ‍ॅम्बॅसॅडर किंवा बाबांची जुनी एम-एटी असेल आणि कोणी "खालून जाड काहीतरी मारून टाका" म्हणालं, तर एक करा. आधी पेचकस घ्या, खाली झोपा आणि ठोकून बघा. ठण्ण आवाज आला तर रंगाचं बोला. बद्द आवाज आला, तर आधी वेल्डरला फोन करा.