जनरेटरची ट्रॉली ओढताना डिझेल कसे वाचेल?

निकाहाचे हंगाम, उर्स, जलसे, इज्तेमा यांना जनरेटर भाड्याने देणारे आपले अनेक बंधू आहेत. पिकअपमध्ये मंडपाचे पाइप, कनाती व केबल आणि मागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली, असा हा संसार. भाडे ठरवताना डिझेल अंदाजाने धरले जाते आणि हिशेबाला बसल्यावर नफा धुरावाटे गेलेला दिसतो. काही गाडीवाले म्हणतात, वजन ओढायचे म्हणजे डिझेल लागणारच. हे अर्धेच खरे आहे.

वेगाचीच गोष्ट घ्या. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गाडी हाकली, तर वेग वाढतो एक-तृतीयांश, पण हवेचा अडथळा मात्र पावणेदोनपटीहून अधिक होतो. केबिनच्या वर रचलेल्या कनाती आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भरच घालतात. म्हणून माल केबिनच्या उंचीखाली ठेवावा, ताडपत्री चारही बाजूंनी ताणून बांधावी व ट्रॉलीसह ५० च्या आसपास चालावे. फजरनंतर लगेच निघाल्यास रस्ता मोकळा मिळतो. वारंवार ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात जे डिझेल जाते, ते वाचते.

ट्रॉलीकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. पिकअपची सर्व्हिसिंग वेळेवर होते, ट्रॉली आठ महिने अंगणात उभी! टायर बसलेले, बेअरिंगचे ग्रीस वाळलेले. अशी ट्रॉली म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवण्यासारखे आहे. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात न्यावा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतो आहे असे समजावे. टायरची हवा थंड असताना तपासावी. पिकअपच्या मागच्या टायरांना भरलेल्या गाडीसाठी कंपनीने वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाहावा.

जनरेटर ट्रॉलीवर बसवताना वजनाचा तोल पाहावा. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर आला पाहिजे. वजन मागे गेले की ट्रॉली शेपटासारखी हलते, चालक सारखा स्टिअरिंग सावरत राहतो. यात डिझेल जाते ते वेगळे. गाडी उलटण्याचा धोका मोठा. जनरेटरच्या टाकीत ५० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ४० किलो वजन. कार्यक्रमाच्या गावी पंप असेल तर ते तेथेच भरावे.

कसाऱ्यासारख्या घाटात चढण लागण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून इंजिन घुसमटवू नये. उतारावर न्यूट्रल करणारे तर दोन्हीकडून फसतात. आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहते. शिवाय इंजिनची पकड सुटून सगळा भार ब्रेकवर येतो.

आता हिशेब. समजा फेरी १२० किलोमीटरची आहे. लिटरला ९ ऐवजी ११ किलोमीटर मिळाले तर प्रत्येक फेरीत सुमारे २.४ लिटर वाचतात. हंगामातील ३० फेऱ्यांत ७० लिटरच्या वर. आपल्या गाडीचा खरा आकडा काढण्यासाठी टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहावेत, फेरीनंतर त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि जितके लिटर लागले त्याने किलोमीटरला भागावे. ट्रॉलीसह व ट्रॉलीविना असे दोन आकडे वहीत असले, की पुढचे भाडे सांगताना अडखळावे लागत नाही.

फेऱ्या वाचवण्यासाठी जादा माल भरण्याचा मोह काहींना होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. ट्रॉलीचीही नोंदणी लागते. तिचे कागद गाडीतच ठेवावेत.