एका दिवसांत नाशिक

नाशकास आलेल्या प्रवाशाला ‘सारें एका दिवसांत दाखवितों’ म्हणणारा कोणी तरी भेटतोच. आम्हांसही भेटला. गेल्या फाल्गुनांत घरचीं चौदा माणसें घेऊन आम्ही पुण्याहून गेलों होतों. त्यांत ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई होत्या आणि आठवींतला पुतण्या होता. पंचवटींत उतरलों आणि दुसरे दिवशीं उजाडतांच रामकुंड गांठलें.

गोदावरी येथें दक्षिणेकडे वळते, म्हणून या स्थानाचें माहात्म्य अधिक. जवळच पात्रांत दुतोंड्या मारुति उभा आहे. पाणी त्याच्या कमरेशीं आलें कीं गळ्याशीं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. इतकी रोकड्या उपयोगाची मूर्ति आम्हीं अन्यत्र पाहिली नाहीं! नारोशंकराच्या देवळावरची घंटा, १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण, खालूनच पाहिली. सीतागुंफेचें तोंड ठेंगणें. आत्याबाई चपला राखीत बाहेरच बसल्या.

काळारामास वाटाड्यानें वीस मिनिटें नेमून दिलीं. सरदार रंगराव ओढेकरांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस हें देऊळ बांधविलें, काळा दगड रामशेजच्या डोंगरांतून आणविला, हें त्यानें घडाघडा सांगितलें. सभामंडप झाला, शिखर झालें. तेव्हां पुतण्यानें विचारलें, “सत्याग्रह कोणत्या दरवाज्याशीं झाला?” वाटाड्या घड्याळाकडे पाहूं लागला. आम्हीही पाहूं लागलों, हें कबूल केलें पाहिजे.

मुलाला शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक होतें, तें आम्हां वडील माणसांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों स्त्रीपुरुष मिरवणुकीनें या देवळाशीं आले. समाज त्यांस अस्पृश्य मानीत होता. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांसमोर सत्याग्रही बसले. दादासाहेब गायकवाडांनीं हा लढा पुढें वर्षानुवर्षें नेटानें चालविला, तरी दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास बाबासाहेबांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें.

पुतण्यास उत्तर मिळालें तें आत्याबाईंकडून. “चारही दरवाज्यांशीं, बाळ. माझे सासरे तेव्हां इथेंच राहात. दरवाजे उघडूं नयेत म्हणणाऱ्यांत तेही होते. त्या दिवसांत रस्त्याकडची खिडकीसुद्धां उघडूं देत नसत, असें सासूबाई सांगत.” इतक्या वर्षांत हें त्या आमच्यापुढें कधीं बोलल्या नव्हत्या. सासऱ्यांचें नांव घरांत आदरानें घेतलें जातें. त्यांची तसबीर आजही दिवाणखान्यांत आहे.

दुपारीं मुंबईच्या रस्त्यावरचीं पांडवलेणीं. नांव पांडवांचें, लेणीं बौद्ध भिक्षूंचीं. चढ मात्र सर्वांस सारखाच. दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें तीन हजार कार्षापणें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत कायम ठेव म्हणून ठेविलीं. पैकीं दोन हजारांवर व्याज दरमहा शेंकडा एक, आणि त्यांतून वर्षावासांतील वीस भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं बारा. पुतण्यानें तेथेंच हिशेब केला : महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस, वीस बारें दोनशें चाळीस. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींची ही जमाबंदी दमडीचीही चूक न होतां जुळली, याचा आनंद त्याच्या मुद्रेवर मावेना.

परततांना सुंदरनारायणाचें दर्शन उरलें होतें. आत्याबाई म्हणाल्या, “तें राहूं द्या. मला पुन्हा काळारामास न्या.” वाटाड्यानें वेळ नसल्याचें सांगितलें, त्यास पैसे देऊन निरोप दिला. दिवेलागणीच्या सुमारास पुतण्याचा हात धरून त्या कोटाबाहेरून निघाल्या, आणि प्रत्येक दरवाज्याशीं थोडें थांबत चारही दरवाजे त्यांनीं पायीं पाहिले. गुडघे दुखत असल्यानें पाऊण तास लागला. आम्ही मागून चालत होतों.