हवेतले आकडे कोणासाठी?

माळ्यावर आजोबांचा जुना रेडिओ पडलाय का? त्याच्या पट्टीवर 'एसडब्ल्यू' दिसलं, तर ती शॉर्टवेव्ह. या लहरी आकाशात खूप उंचावरच्या विद्युतभारित थरावरून परत खाली वळतात. म्हणून तर मॉस्को, लंडनचे आवाज मिरजेच्या माजघरात ऐकू यायचे!

पण याच पट्ट्यावर काही केंद्रं नुसते आकडेच वाचतात. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. ठरल्या वेळी पाच-पाच आकड्यांचे गट, बस्स. रशियातलं एक केंद्र तर ४६२५ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षं भोंग्यासारखं घरघरतंय.

हे कशाला? २००१ साली अमेरिकेच्या लष्करी गुप्तचर खात्यातली आना माँटेस पकडली गेली. ती क्यूबाची हेर होती आणि तिला हुकूम यायचे ते असेच, शॉर्टवेव्हवरच्या आकड्यांतून.

युक्ती सोपी आहे. समजा, निरोप आहे २७. तुमच्या-माझ्याकडच्या गुप्त चिठ्ठीवर आहे ५८. हातचा न धरता बेरीज करा : ७५. रेडिओवर मी '७५' म्हणणार. तुम्ही चिठ्ठीतला आकडा वजा करून पुन्हा २७ काढणार. (करून बघा. पाचातून आठ जात नाहीत, तिथं पंधरा धरायचे.) चिठ्ठी एकदाच वापरून जाळली, तर तिसऱ्याला काही कळायचं नाही.

आणि कोण ऐकतंय, हेही कळत नाही! बोलणारा मात्र सापडतो. दोन ठिकाणांहून लहरींची दिशा मोजली, की रेघा जिथं छेदतात तिथं तो.

हा धोका पत्करून आपल्याकडेही एक गुप्त रेडिओ चालला होता, बरं का. साल १९४२. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. तासगाव, वाळवा सातारा जिल्ह्यातच होते. सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरला मोर्चे निघाले. वडूज-इस्लामपुरात गोळीबार होऊन माणसं मेली. वर्तमानपत्रांवर तर सरकारी बंधनं. मग एका गावचं दुसऱ्या गावाला कळणार कसं?

त्याच दिवसांत मुंबईहून काँग्रेस रेडिओ बोलत होता, ४२.३४ मीटरवर. (३०० ला ४२.३४ नं भागा, मेगाहर्ट्झ मिळतील.) बोलणारी उषा मेहता अवघी २२ वर्षांची. पत्ता एवढाच सांगायचे : 'हिंदुस्थानात कुठून तरी'! आष्टी-चिमूरची बातमी या रेडिओनं दिली. इथं आकडे नव्हते. मजकूर सगळ्यांना समजावा अशीच इच्छा होती. गुपित होतं ते फक्त जागेचं. पोलीस माग काढत, म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवायचे.

१२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात पोलीस दारात आले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याहून त्या १९४६ साली सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं.