थंड घर की भक्कम घर? आजीच्या माळवदाची गोष्ट

बसमध्ये गर्दी आहे, इअरफोन घरी राहिलाय, किंवा सरळ वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून देतेय. बोलताना मी जे शंभर वेळा "म्हणजे" म्हणते, ते छाटलंय. बाकी जवळपास तसंच.

आधी एक छोटं काम. आज रात्री अकराच्या सुमारास स्टुलावर चढा आणि घराच्या छताला आतून तळहात लावून बघा. मी पुण्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. एप्रिलमध्ये मी हे केलं आणि हात पटकन मागे घेतला. सूर्य मावळून चार तास झाले होते आणि स्लॅब अजून तव्यासारखा! पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. तेव्हा डोक्यात आलं, की आजोळी जुन्या घराबद्दल सगळे म्हणतात, "उन्हाळ्यात पंखा लागायचाच नाही." मग आपण हे असलं का बांधतोय?

मोठ्या उत्साहाने आजीला फोन लावला. म्हटलं, "आजी, मामा नवी खोली काढतोय ना, तर मातीचीच काढू या. वर माळवद. पर्यावरणालाही चांगलं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "उन्हानं घाम येतोय बाळा. माळवदानं माणसं गाडली."

माझं आजोळ किल्लारीजवळचं.

माळवद थंड का असायचं?

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या जुन्या घरांना सपाट मातीचं छत असायचं, ते माळवद. खाली लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. एक फूट, दीड फूट, कुठे त्याहून जास्त. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. उजेडाला छतात झरोका.

थंडाव्याचं गणित सोपं आहे. ऊन छतावर पडतं, पण उष्णता लगेच आत येत नाही, तिला थर ओलांडायला वेळ लागतो. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून दुपारचं ऊन साधारण तीन-चार तासांत आत पोचतं. म्हणजे तुम्ही ऑफिसातून दमून येता, तेव्हाच! मातीच्या जाड थराला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते, वरची बाजू आकाशाकडे उष्णता सोडून गार होत असते आणि आत येणारी लाट विझत आलेली असते. मे महिन्यात गच्चीवर झोपल्यावर पहाटे गोधडी का ओढावी लागते? तेच कारण.

म्हणजे थंडावा आला कुठून? जाडीतून. आणि जाडी म्हणजे काय? वजन.

तेच वजन जिवावर उठलं

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. तीव्रता सहाहून थोडी जास्त. एवढा भूकंप जगात दरवर्षी कुठे ना कुठे होतो आणि कित्येकदा फारसं कोणी दगावत नाही. इथे साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. सरकारी नकाशात हा भाग तोपर्यंत सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२च्या नकाशात तो झोन ३ मध्ये आला.

जरा आकडेमोड करू. एक घनमीटर माती म्हणजे ढोबळ मानाने १८०० किलो. दीड फूट जाडीचं माळवद घेतलं, तर एका चौरस मीटरवर ८०० किलोंच्या आसपास. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर जवळजवळ नऊ टन! त्याच खोलीवर पाच इंची काँक्रीट स्लॅब टाकला तर साडेतीन टन.

भूकंपाचा नियम असा, की जितकं वजन जास्त, तितका धक्क्याचा जोर जास्त. बसने ब्रेक मारल्यावर रिकामी पिशवी सरकते आणि भरलेली गोणी धाडकन आदळते ना, तसं.

आणि हे वजन दरवर्षी वाढत होतं. पावसाळ्याआधी गळती थांबवायला लोक माळवदावर नवीन माती टाकायचे. जुनी काढायचे क्वचित. म्हणजे घराची काळजी घेता घेताच ते धोकादायक होत गेलं. आजीने हे सांगितलं तेव्हा मला काही बोलताच येईना. "तुझ्या आजोबांनी त्याच जूनमध्ये दोन गाड्या माती चढवली होती," एवढंच म्हणाली.

भिंतींचीही तीच गत. बाहेरून एक दगडी थर, आतून एक आणि मध्ये भरलेला चुरा नि माती. दोन्ही थरांना शिवून धरणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हता. हादऱ्याने दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत फुगून कोसळली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या जुन्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, तिथे कित्येक ठिकाणी भिंती पडल्या, पण छत खांबांवर तसंच राहिलं. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता. वजन कशावर पेललंय आणि घराचे भाग एकमेकांना कसे बांधलेत, हा खरा प्रश्न होता.

मग नवं गाव झालं

सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली. पक्की घरं, सरळ आखलेले रुंद रस्ते. भिंती हादरा सोसणाऱ्या. हे काम लहान नव्हतं आणि त्यावर नाक मुरडायचा मला तरी हक्क नाही.

पण आजोळी दुपारी दोन वाजता फिरून बघा. जुन्या गावात बोळ अरुंद, त्यामुळे समोरच्या घराची सावली आपल्या भिंतीवर. नव्या गावात रस्ता रुंद आणि ऊन थेट भिंतीवर. जुन्या गावात पार होता, वडाखाली माणसं बसायची. भावकीची घरं लागून, ओसरीवरून ओसरीवर हाक जायची. नव्या गावात घरं यादीप्रमाणे मिळाली. शेजार बदलला. "भाकरी थापताना बोलायला कुणी नव्हतं पहिली चार वर्षं," आजी म्हणते. झाडं लावली, पण झाडाला सावली धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

इको-फ्रेंडली म्हटलं की आपल्याला सोलार पॅनल आठवतं. पार, बोळ, ओसरी आठवत नाही. खरं तर बिनविजेची कूलिंग सिस्टिम तीच होती, आणि गप्पांची जागाही तीच.

आता तिथे काय दिसतं? पक्क्या घराशेजारी पत्र्याची शेड. उन्हात पत्रा तापतो, पण पडला तरी जीव जाणार नाही, हा हिशोब. आजी अजूनही अंगणात लिंबाखालीच झोपते.

मग मामाने काय करावं?

थंड की भक्कम, यातलं एकच निवडायचं का? नाही. थंडावा फक्त जाडीतून मिळत नाही. आणखी तीन वाटा आहेत आणि तिन्ही हलक्या आहेत.

पहिली, ऊन परतवणं. साधा राखाडी स्लॅब बहुतेक ऊन पिऊन टाकतो. ताजा पांढरा थर सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत ऊन माघारी पाठवतो. चुना स्वस्त, पण पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी द्यावा लागतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे बसवले तर जास्त टिकतं. धूळ बसली की परिणाम कमी होतो, तेव्हा झाडू मारत राहा. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी सरकारी धोरणच आणलं. अहमदाबादेतही वस्त्यांमधली छतं अशी रंगवली गेली आहेत.

दुसरी, सावली. भिंत तापल्यावर थंड करण्यापेक्षा तापूच न देणं सोपं. पश्चिमेला झाड, मांडव किंवा दोडक्याचा वेल. दोडका तर एका मोसमात चढतो!

तिसरी, हवेची पोकळी. इथे लॉरी बेकर यांचं नाव घ्यावं लागेल. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेले हे आर्किटेक्ट पुढचं बहुतेक आयुष्य भारतात राहिले, केरळात शेकडो इमारती बांधल्या आणि २००७ मध्ये गेले. तरुणपणी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. गावातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून व्हावं, ही गांधीजींची गोष्ट त्यांनी जन्मभर धरून ठेवली. त्यांच्या दोन युक्त्या बघा. एक, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि ऊन आत यायला अडतं. दुसरी, स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथला ताण सळया घेतात. मग सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलं ठेवून वर काँक्रीट ओतायचं. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, कौलांमध्ये हवा राहते.

पण थांबा, व्हिडिओ बघून घरी प्रयोग नको! आमच्याकडे जमीन हलते. पोकळ भिंतीत कोपऱ्याला उभ्या सळया आणि दारा-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा लागतो. कुठे किती, हे इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

चुन्याची अर्धी गच्ची

मामाला एवढं सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू आधी इथे येऊन चुना लाव, मग बोल." गेले. जुन्या पक्क्या घराच्या अर्ध्या स्लॅबवर आम्ही दोघांनी दोन हात चुना मारला, अर्धा तसाच ठेवला. रात्री अकराला आजीला बोलावलं. तिने आधी चुन्याखालच्या छताला हात लावला, मग दुसरीकडच्या. पुन्हा पहिल्याला.

"हे गार हाय," म्हणाली. आणि मग, "वजन किती वाढलं?"

मी म्हटलं, "दोन बादल्या."

ती हसली. झोपायला मात्र अंगणातच गेली. तीसेक वर्षांची भीती दोन बादल्यांनी जात नाही, आणि तिने जावं असा माझा आग्रहही नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत पडली होती, चुन्याच्या बाजूला.

मामाची खोली दिवाळीनंतर सुरू होतेय. इंजिनिअरचा नकाशा आलाय, स्लॅबमध्ये कौलं आहेत.

तर मंडळी, आज रात्री छताला हात लावा आणि काय जाणवलं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर जुनं घर कसं होतं, एवढंच विचारू नका. त्यातलं काय पुन्हा नको, तेही विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पाणी प्या, उन्हात फिरू नका!