कार्निव्हल गेला, आता गोव्यात काय?

फेब्रुवारी सरला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा पणजीत फोन येतो : "आता ऑफ-सीझन ना? खोल्या स्वस्त असतील. पण उकाडा, आणि बघायला तरी काय उरलंय?"

उकाड्याचं आधी. पणजीत दुपारचं कमाल तापमान डिसेंबरात आणि मार्चमध्ये जवळपास सारखंच, ३२-३३ अंश. फरक पडतो तो रात्रीच्या गारव्यात आणि दमटपणात.

'होळी झाली की शिगमो संपला' हा समज मात्र पुरता फसवतो. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, धाकटो शिगमो पौर्णिमेला आटोपतो. पेडणे, डिचोली नव्या काबिजादीतले. तिथला व्हडलो शिगमो पौर्णिमेलाच सुरू होतो. म्हणजे होळी खेळून परतीची गाडी धरणारा नेमका पडदा उघडताना उठतो. कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार उंचावत ढोल-ताशावर नाचणारी घोडेमोडणी डिचोलीतच पाहावी. पणजीची चित्ररथ मिरवणूक झगमगीत असते, पण ती निराळी गोष्ट.

याच दिवसांत काजू पिकतो. बागेतून जाताना बोंडूंचा आंबूस-गोड वास आधी येतो, भट्टी मागाहून दिसते. तुडवलेल्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्या वाफेतून उतरते ती हुर्राक. पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक टिकत नाही. डिसेंबरात कोणी 'ताजी हुर्राक' म्हणून ग्लास पुढे केला तर हसून परत करावा.

सगळंच मार्चमध्ये छान असतं असंही नाही. हरवळ्याचा धबधबा पावसाळ्यातला. आता तिथे जायचं ते शेजारच्या कोरीव गुंफांसाठी. तिथून नार्व्याचं सप्तकोटेश्वर गाठावं; शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. आणि स्वस्ताईचं म्हणाल तर होळीला जोडून सुट्टी आली की किनाऱ्यावरचे भाव डिसेंबरची आठवण करून देतात. मधला वार धरावा.

पेडणे आडवाटेला, हा समजही जुना झाला. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर उतरणारा पेडण्यातच उतरतो आणि तालुका मागे टाकून कळंगुटकडे पळतो! त्याने मोरजीला थांबावं. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, आणि पिल्लं बाहेर पडायला दीडेक महिना लागतो. वनखात्याने कुंपण घातलेल्या वाळूपासून लांब उभं राहायचं, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून.