ऐकून, विचारून लिहिलेले जग

दृष्टिहीन प्रवाशांची पुस्तके आपण बहुधा जिद्दीच्या कथा म्हणून वाचतो आणि कौतुक करून बाजूला ठेवतो. ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट जेम्स होल्मन (१७८६–१८५७) याच्यावर असाच अन्याय झाला. पंचविशीत त्याची दृष्टी गेली. पुढे त्याने पश्चिम युरोप पालथा घातला, १८२१ मध्ये धुमसता व्हेसुव्हियस चढला आणि सायबेरियात इर्कुत्स्क गाठले. तिथून हेर असल्याच्या संशयावरून झारच्या हुकमाने त्याची सरहद्दीपार रवानगी झाली. तरीही १८२७ ते १८३२ या काळात आफ्रिका, ब्राझील, हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया असा पृथ्वीचा फेरा त्याने पुरा केला. तारा ताणलेल्या चौकटीखाली कार्बन कागद ठेवून तो स्वतः लिही. लिहिलेले मात्र त्याला पुन्हा वाचता येत नसे. यातून १८२२, १८२५ आणि १८३४–३५ अशी तीन प्रवासवर्णने छापली गेली, शेवटचे तर चार खंडांचे.

ज्याला दिसत नाही तो परक्या देशाबद्दल काय सांगणार, हा आक्षेप त्याच्या हयातीतच निघाला. सायबेरियात भटकलेल्या कॉक्रेन या कप्तानाने त्याच्या लेखनाला आधीच ऐकीव ठरवले. होल्मनचा प्रतिप्रश्न मला बिनतोड वाटतो: डोळस प्रवासी तरी लिहिलेले सगळे स्वतः पाहतो काय? लोकसंख्या, व्यापार, कायदे, जुना इतिहास हे कोणालाही विचारूनच कळते. हम्बोल्टसारख्या शास्त्रज्ञ प्रवाशालाही ते चुकले नाही. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये पाहिलेले आणि ऐकलेले शेजारी नांदते, म्हणून आपण ते पुस्तक मोडीत काढत नाही. माहिती कोणाकडून आली आणि त्या माणसाला ती कशी ठाऊक, हे लेखक सांगतो का, एवढेच तपासायचे असते. डार्विनने नेमके तेच तपासले. हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर वनस्पती कशा पोचल्या असतील, हे मांडताना त्याने होल्मनच्या चौथ्या खंडाचा हवाला दिला. बेटांवर वर्षभर राहिलेल्या कीटिंग नावाच्या गृहस्थाने किनाऱ्याला लागलेल्या बियांची आणि जावाच्या सागवानाची माहिती होल्मनला दिली होती, आणि होल्मनने ती सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदवली होती. डार्विन स्वतः १८३६ मध्ये त्या बेटांवर जाऊन आला होता, तरी ही नोंद त्याला हवीशी वाटली.

होल्मनचे खरे उणे दुसरीकडे आहे. वाचकाला देखावे हवेत म्हणून तो इतरांच्या डोळ्यांनी पाहिलेले डोंगर, राजवाडे वर्णन करतो, आणि तिथे त्याची पाने निर्जीव होतात. काठीच्या आवाजावरून तो वाट कशी ओळखे, याबद्दल मात्र तो फार थोडे बोलतो. आक्षेपकांना धास्तावून त्याने स्वतःजवळचे सर्वांत मोलाचे ज्ञान आखडते घेतले, असे मला वाटते. अखेरच्या दिवसांत त्याने आत्मचरित्र लिहून पूर्ण केले होते. ते छापले गेले नाही, आणि त्याचे हस्तलिखितही आज उपलब्ध नाही.